कोरमधल्या मागच्या रांगेतून कोरिओग्राफीकडे

गिरकी

परवा दुसऱ्या एका धाग्यावर ओघात लिहून गेले, की मी चौदा वर्षं बॅले कंपनीत नाचले आणि आता कंटेम्पररी नृत्यरचना करते. त्यावर तिघाचौघांनी विचारलं, की हे होतं कसं? दुखापत झाली का? बॅले का सोडलं? तिथे अवांतर नको, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. लांबण लागेल, आधीच सांगते.

दुखापत झाली होती. डावा घोटा, दोनदा. पण ते कारण नव्हे. आणि बॅले 'सोडलं' असं म्हणायला अजूनही जीभ रेटत नाही.

मी शेवटपर्यंत कोर द बॅलेमध्ये, म्हणजे मागे रांगेने एकसारखं नाचणाऱ्या समूहात, होते. 'स्वान लेक'मधल्या चोवीस हंसांपैकी एक. नाव छापलं जायचं ते वर्णानुक्रमे, बारीक टायपात. दुसऱ्या अंकात नायिका ओडेट आणि राजपुत्राचं संथ युगलनृत्य चालतं तेव्हा बाकीचे हंस दोन्ही बाजूंना रांगा करून उभे असतात. एक पाय मागे टेकलेला, मनगटावर मनगट, मान कललेली. हलायचं नाही. प्रेक्षकांना वाटतं, बिचाऱ्या दमल्या असतील, तेवढाच विसावा. विसावा कसला! पोटरीत गोळा येतो, घाम डोळ्यात उतरतो आणि पुसता येत नाही. नाचणं परवडलं, हे उभं राहणं नको, असं आम्ही सगळ्याच म्हणायचो.

पण त्या उभं राहण्यात मी बघायला शिकले. दुसरं काही करताच येत नव्हतं ना. प्रेक्षक हे युगलनृत्य समोरून बघतात, मी ते बाजूने, आठ-दहा पावलांवरून बघत होते, हंगामामागून हंगाम. तिथून उचल दिसण्याआधी तिची तयारी दिसते. तो हात बदलतो ते दिसतं, ती नेमका श्वास कधी घेते ते ऐकू येतं. लेव इव्हानोव्हने १८९४-९५ मध्ये बसवलेल्या या अंकात रांगेने नुसता एक हात वळवला तरी मधल्या दोघांचं एकटेपण कसं वाढतं, हे मला कुणी शिकवलं नाही. मी त्या रांगेतच होते.

एका प्रयोगाला समोरच्या रांगेतली एक जण अर्धा ठोका उशिरा हलली. फक्त अर्धा. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती रांग मला रांग म्हणून दिसली, एकेक जण वेगळी दिसली. प्रयोगानंतर तिला बोलणी बसली. मी घरी जाऊन ती चूक वहीत लिहून ठेवली, तारखेसकट. माझी कोरिओग्राफी सुरू झाली असेल तर त्या रात्री.

दुसरं उदाहरण. पेतिपाच्या 'ला बायादेर'मध्ये (१८७७) छायांचा प्रवेश आहे. उतारावरून एक छाया येते, पाय मागे लांबवून आराबेस्क करते, मागे झुकते, दोन पावलं पुढे, पुन्हा तेच. तिच्या मागून दुसरी, मग तिसरी. कंपनीच्या ऐपतीप्रमाणे चोवीस किंवा बत्तीस जणी. शेवटी अख्खा रंगमंच त्याच एका हालचालीने भरून जातो. मी सतरावी असायचे. पुढे कोरिओग्राफर ट्रिशा ब्राउनच्या १९७१ च्या 'अ‍ॅक्युम्युलेशन'शी गाठ पडली. एक हालचाल, मग ती अधिक दुसरी, मग त्या दोन्ही अधिक तिसरी, अशी चळत. सुरुवात तर नुसत्या अंगठ्यांनी. सोबतचे लोक म्हणत होते, केवढं नवं! मला मात्र उतारावरची सतरावी जागा आठवत होती.

जेवायची वेळ झाली. पहिल्या रचनेची फजिती पुढच्या प्रतिसादात.

पडद्यामागे

वाचतोय. मी प्रयोगाचे क्यू (दिवे, पडदा कधी बदलायचे त्याचे इशारे) देणारा माणूस, त्यामुळे माझीही सगळी नृत्यं बाजूनेच बघून झालेली. विंगेतून बघणाऱ्याला सुंदर काय ते कमी दिसतं, पण चालतं कसं ते कळतं. त्या अर्ध्या ठोक्यावर मी हेडसेटमध्ये काय बोललो असतो ते इथे लिहीत नाही :)

फजिती येऊ द्या लवकर.

तिरकसराव

लेख छान आहे, पण एक सरळ प्रश्न. जे सोलोइस्ट (एकल नाचणारे) होत नाहीत ते कोरिओग्राफर होतात, असं नाही का? रागावू नका.

गिरकी

तिरकसराव, रागावले नाही. अर्धं खरं आहे. मी सोलोइस्ट झाले असते तर कदाचित बघत राहिले नसते, कारण त्या सहा मिनिटांत मी मधोमध नाचत असते. पण नियम म्हणाल तर निजिन्स्की बसत नाही. तो तर त्याच्या काळातला सगळ्यात मोठा नर्तक, उडीसाठी ख्यातनाम. आणि रचना करायला बसला तेव्हा 'राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये (२९ मे १९१३, पॅरिस) त्याने नर्तकांची पावलं आत वळवली, गुडघे वाकवले, उड्यांना जडपणा दिला. पाऊल बाहेर वळवणं म्हणजे बॅलेचं पहिलं अक्षर. ते त्याने उलटं लिहिलं. नर्तक वैतागलेले, काउंट (तालाचे मोजायचे आकडे) कुणाला लागेनात, म्हणून दाल्क्रोझच्या तालपद्धतीत तयार झालेल्या मारी रांबेरला मदतीला आणलं. प्रयोगात तर प्रेक्षकांच्या गोंगाटात ऑर्केस्ट्रा ऐकू येईना आणि निजिन्स्की विंगेत खुर्चीवर उभा राहून आकडे ओरडतोय.

आता माझी फजिती. आमच्या कंपनीत वर्षातून एकदा नर्तकांनी केलेल्या छोट्या रचनांची संध्याकाळ असायची. बऱ्याच कंपन्यांत असते. या प्रथेचं सगळ्यात फळलेलं झाड म्हणजे श्टुटगार्टची नोव्हेर सोसायटी, १९५८ ची. जॉन क्रँको १९६१ मध्ये तिथल्या बॅलेचा प्रमुख झाला आणि आपल्या नर्तकांनी तिथे हात चालवून बघावा म्हणून तो त्यांच्या मागे लागायचा. जॉन नॉयमायर, यिरी किलियान, विल्यम फोरसाइथ या तिघांनीही सुरुवातीच्या रचना तिथे केल्या. तिघेही तेव्हा त्या कंपनीत नाचत होते. एकाच इमारतीतून एवढी माणसं निघतात, तेव्हा सगळं श्रेय प्रतिभेला देऊन भागत नाही. कुणीतरी दिवे, रंगमंच आणि पडायची मुभा दिलेली असते.

मला मिळाली सात मिनिटं, तीन नर्तक आणि आठवड्यातले दोन तास, तेही सगळे दमून आल्यावर. मी काय केलं? आरशासमोर एकटीने सगळं माझ्याच अंगावर बसवलं, एकेक काउंट वहीत लिहिला आणि तिघांना शिकवला. सात मिनिटांत इतक्या स्टेप्स कोंबल्या, की उसंत म्हणून नाही. रचना बसल्यावर बघते तर तीन माणसं 'मी' होण्याचा प्रयत्न करतायत आणि जमत नाहीये. त्यातला एक माझ्याहून वीतभर उंच. माझ्या वळणाला त्याच्या अंगात जागाच नव्हती.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी त्याने तालमीत पाणी पिता पिता विचारलं, "यातलं तुला नक्की काय हवंय? स्टेप हवी आहे, की ती स्टेप केल्यावर जे होतं ते?" मला उत्तर येईना. चौदा वर्षांत असा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, मलाही कुणी विचारला नव्हता. बॅलेत दुरुस्ती मिळते, आपण ती अंगी लावतो, 'थँक यू' म्हणतो. त्या दिवशी मी निम्म्या स्टेप्स काढून टाकल्या आणि एका जागी तिघांना नुसतं उभं केलं. रांगेत. त्यातल्या एकीने अर्धा ठोका उशिरा हलायचं.

रचना वाईटच झाली. पण ती वीस सेकंदं चांगली होती.

निव्वळ प्रेक्षक

"वाईटच झाली" हे इतक्या सहज लिहिलंत, मजा आली. माझी शंका बाळबोध आहे. बॅले बघताना काय बघायचं ते कळतं, गोष्ट असते, राजपुत्र असतो. कंटेम्पररी बघताना मला सारखं वाटतं, की आपल्याला काहीतरी कळायला हवं होतं आणि ते निसटलं. हे असं वाटणं चूक का?

हाडवैर

मी फिजिओथेरपिस्ट, नर्तकांवर बरंच काम करतो, म्हणून शरीराचं थोडं. "बॅले येतं म्हणजे कंटेम्पररी सहज जमेल" हा समज माझ्याकडे पेशंट पाठवतो. टर्नआउट, म्हणजे पाय बाहेर वळवणं, खुब्याच्या सांध्यातून यायला हवा. ज्यांचा तिथून पुरेसा येत नाही ते गुडघा आणि घोटा पिळून भरपाई करतात. अशी माणसं कंटेम्पररीत पाय समांतर ठेवून खोल बसायला लागली, की वर्षानुवर्षांची उधारी एकदम वसूल होते.

दुसरं म्हणजे फ्लोअरवर्क, जमिनीवरचं काम. बॅलेत, विशेषतः मुलींच्या बाबतीत, मनगटं आणि खांदे यांच्यावर शरीराचा भार जवळजवळ येतच नाही. इथे पहिल्याच आठवड्यात हातावर उलटं व्हायचं, खांद्यावरून गडगडायचं. पाय पोलादी, खांदे कोवळे, असा सगळा प्रकार. क्लास सुरू करण्याआधी दोन-तीन महिने खांदे आणि मनगटं तयार करा, एवढं तरी ऐका. ऐकत कुणी नाही.

गिरकी

हाडवैर, मीही ऐकलं नव्हतं. उजवं मनगट अजून कुरकुरतं.

शरीराचं माझ्या बाजूने सांगते. बॅले सगळं वर ओढतं. जमीन म्हणजे ढकलून सोडायची वस्तू. पडणं म्हणजे चूक, पडल्यावर प्रेक्षक 'हाय' म्हणतात. आणि इथे पहिल्या क्लासला शिक्षिका म्हणाली, "पडा. पण मध्येच मन बदलू नका." मी सहा वेळा पडले आणि सहाही वेळा सुंदर पडले, पायाची बोटं ताणून! सगळे हसले. मला पोझमध्ये पोचायची सवय. दोन पोझमधला रस्ता माझ्या लेखी वाहतूक होता, झटपट उरकायचा. तिथे तर नाच म्हणजे तो रस्ताच निघाला.

आरसा हे दुसरं. तिथल्या स्टुडिओत आरशावर पडदा ओढलेला. पहिले पंधरा दिवस मी पडद्याकडेच बघून नाचत होते. सवय ती सवय.

निव्वळ प्रेक्षक, चूक मुळीच नाही. पण 'कळायला हवं होतं' हे ओझं घेऊन आत जाऊ नका. किलियानची 'पेटिट मोर्ट' (१९९१, साल्झबुर्ग, मोझार्टच्या द्विशताब्दी स्मृतिवर्षासाठी) बघा. सहा पुरुष, सहा स्त्रिया, सहा तलवारी, आणि मोझार्टच्या दोन पियानो कॉन्चेर्टोंचे संथ भाग. पुरुष त्या लवचीक तलवारींशी जोडीने नाचावं तसे नाचतात. मग काळे, भरजरी घाटाचे पोशाख घातलेल्या बायका तरंगत येतात, आणि नंतर कळतं की त्या पोशाखांना चाकं आहेत, बाई मागून निघून येते आणि पोशाख उभाच राहतो. गोष्ट नाही. पण पोशाख रिकामा उभा राहिला तेव्हा तुम्हाला काय झालं, हसू आलं की कसंसंच झालं, तेवढं लक्षात ठेवून बाहेर या. पुरे आहे.

किंवा क्रिस्टल पाइटची 'इमर्जन्स' (२००९). कॅनडाच्या नॅशनल बॅलेवर केलेली, अडतीस नर्तक, मधमाश्यांसारखा थवा. मला ती बघताना काय आठवलं ते आता सांगायला नको, मी रांगेतली बाई.

समेवर

संगीताकडून एक प्रश्न. बॅलेत तुम्ही मोजता हे ठाऊक आहे, आठ-आठचे गट. कंटेम्पररीत संगीत कित्येकदा नुसती गुणगुण असते किंवा नसतंच. मग एकत्र हलता कसे? आणि रचना आधी की संगीत आधी?

गिरकी

समेवर, मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट हीच. काउंट काढून घेतल्यावर मी आंधळी झाले. मग कळलं, की माणसं एकमेकांच्या श्वासावर हलू शकतात, डोळ्याच्या कोपऱ्यावर हलू शकतात, मागच्याच्या पावलाच्या आवाजावर हलू शकतात. आणि गंमत म्हणजे कोरमध्ये आम्ही हेच करत होतो! अठरा वर्षांची असताना मला सांगितलं होतं, "मान वळवायची नाही, पण शेजारणीचं कोपर कुठे आहे ते ठाऊक हवं." काउंट वरवरचे होते, खरं काम कोपरं करत होती.

आधी काय, तर माझ्या बाबतीत संगीत शेवटी. नाही तर मी त्याला शरण जाते, बॅलेची खोड. कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी तर नाच आणि संगीत वेगवेगळं करून प्रयोगातच एकत्र आणायची रीत पाडली. तितकी छाती मला नाही. आता शांततेत बसवते, मग चार-पाच वेगळी संगीतं लावून बघते. जिथे नाच आणि सूर एकमेकांना जरा अडवतात ते ठेवते.

तालमीतली एक गंमत. बॅलेत प्रत्येक हालचालीला नाव आहे, तेही फ्रेंच. 'तांद्यू' म्हटलं की जगातल्या कुठल्याही स्टुडिओत पाय सरकतो. आमच्याकडे नाव नाही, म्हणून नर्तक टोपणनावं पाडतात. सध्याच्या रचनेत आमच्याकडे 'ओलं मांजर', 'कुलूप', 'कुणी हाक मारली?' आणि 'बिल कोण देणार' अशा फ्रेजेस (हालचालींचे तुकडे) आहेत. शेवटच्या टेक रिहर्सलला मी माइकवरून "बिल कोण देणारपासून पुन्हा" म्हणाले आणि लाइटवाल्या दादांनी हात वर केले.

पडद्यामागे

असल्या नावांनी क्यूशीट भरलेलं आहे माझं. 'क्यू ४१: मांजर उठलं की निळा.' नवीन आलेल्या पोराला वाटलं खरंच मांजर येणार.

बाकी एक तक्रार कोरिओग्राफर मंडळींबद्दल. बॅलेतून आलेले लोक वेळ पाळतात, त्याबद्दल दंडवत. पण त्यांना वाटतं प्रकाश म्हणजे चेहरे दिसले पाहिजेत. अंधारालाही काम देता येतं हे कळायला त्यांना तीन प्रयोग लागतात.

पोटकलम

रुक्ष मुद्दा, पण कुणीतरी मांडायला हवा. कंपनीच्या पगारावर असताना केलेली रचना कुणाची? कोरिओग्राफर मार्था ग्रॅहमच्या बाबतीत यावर न्यूयॉर्कच्या न्यायालयात मोठा खटला झाला. त्यांच्या पश्चात वारसदाराने रचनांवर हक्क सांगितला. २००२ मध्ये निकाल लागला, की त्यांनी संस्थेच्या नोकरीत असताना केलेल्या बहुतेक रचना संस्थेच्याच. म्हणजे जिच्या नावाने ती संस्था उभी, तिला स्वतःच्या बहुतेक रचना मृत्युपत्रात द्यायचा अधिकारच नव्हता! याउलट बॅलेचे कोरिओग्राफर बालांशिन १९८३ मध्ये गेले तेव्हा त्यांनी आपल्या रचना एकेक करून नर्तकांना आणि जवळच्या माणसांना देऊन ठेवल्या होत्या. त्यांची देखभाल करायला पुढे १९८७ मध्ये न्यास निघाला.

कायदा देशागणिक बदलतो, पण नोकरीत असताना पहिली रचना करणाऱ्याने आधी करार वाचावा. आणि नर्तकांनी इम्प्रोव्ह करून (तिथल्या तिथे सुचून) दिलेल्या हालचालींचं काय, हा तर त्याहून किचकट प्रश्न.

गिरकी

पोटकलम, नाडीवर बोट ठेवलंत. माझी ती पहिली सात मिनिटं कंपनीच्या मालकीची आहेत, करारात तसं होतं, मी वाचलंच नव्हतं. त्या वीस सेकंदांसाठी भांडावंसं वाटलं नाही, पण वाटायला हवं होतं.

आणि नर्तकांनी दिलेल्या हालचालींचा प्रश्न मला खरोखर छळतो. आता मी स्टेप देत नाही, काम देते. उदाहरणार्थ, "उजवं कोपर आणि डावा गुडघा यांच्यात एक सरळ रेष आहे असं समज. ती मोडू न देता जमिनीवर ये." हे माझं नाही, फोरसाइथच्या विचारातून आलंय. तो १९८४ ते २००४ फ्रँकफुर्ट बॅलेचा प्रमुख होता. १९९९ मध्ये त्याची 'इम्प्रोव्हायझेशन टेक्नॉलॉजीज' नावाची सीडी-रॉम निघाली, त्यात तो स्वतः हालचाल करून दाखवतो आणि पडद्यावर त्याच्या अंगातून पांढऱ्या रेषा निघतात. नृत्याचा सिद्धांत मांडणाऱ्या रुडॉल्फ लाबानने माणसाभोवती हालचालीचा एक गोल कल्पिला होता, मध्य शरीराच्या मध्यात. फोरसाइथने विचारलं, मध्य टाचेत का नसावा? कानात का नसावा?

मी ते बघितलं तेव्हा पाठीचा कणा थरारला, कारण त्या रेषा मला ओळखीच्या होत्या. बॅलेत तरी दुसरं काय शिकवतात? बोटाच्या टोकापासून पायाच्या टोकापर्यंत रेष. त्याने ती पुसली नाही, फक्त सैल करून सगळीकडे नेली. त्याची १९८७ ची 'इन द मिडल, समव्हॉट एलेव्हेटेड' पॅरिस ऑपेराच्या नर्तकांवर केलेली आहे. पॉइंट शूज आहेत, आराबेस्क आहे, पण सगळं तोल जायच्या एक इंच अलीकडे. (नावाचा अर्थ शोधत बसू नका. रंगमंचावर मधोमध, जराशी उंच, सोनेरी चेरींची जोडी टांगलेली असते. तेवढंच.)

तर माझी नर्तकी त्या रेषेचं काय करते ते माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. निवडते मी, जोडते मी, पण निर्माण ती करते. सध्या माहितीपत्रकात 'नर्तकांसह रचना' असं लिहिते. पुरेसं आहे का? पैशाच्या वाट्यात ते उतरलं पाहिजे असं माझं मत झालंय, अजून अंमल नीट करता आलेला नाही.

तिरकसराव

मी पुन्हा. मग बॅले शिकायचं तरी कशाला? ओहाद नाहारिन बावीसाव्या वर्षी नाचायला लागला म्हणतात. वेन मॅकग्रेगर बॅलेत तयार झालेला नाही, तरी २००६ पासून रॉयल बॅलेचा रेसिडेंट कोरिओग्राफर. वीस वर्षं पाय बाहेर वळवून मग ते आत वळवायला शिकायचं, हा द्राविडी प्राणायाम नाही का?

गिरकी

तिरकसराव, या वेळी पूर्ण खरं आहे. कंटेम्पररी कोरिओग्राफर व्हायला बॅले लागत नाही. बॅलेवाले 'पाया, पाया' म्हणून मिरवतात त्याचा मलाही उबग येतो. स्टीव्ह पॅक्स्टनने १९७२ मध्ये कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हायझेशन सुरू केलं त्याला आराबेस्कची गरज नाही. तिथे दोन शरीरांनी एकमेकांवर भार टाकायचा असतो, बाकी न्यूटन बघून घेतो.

पण ज्याची वीस वर्षं तिथे गेलीच आहेत त्याने ती कुठे टाकायची? माझ्यासमोर दोन प्रकारची माणसं होती. एक, सगळं पुसून कोरं व्हायला निघालेली. दोन वर्षांनी त्यांचा मृदूपणासुद्धा पोझ झालेला दिसतो. दुसरी मायकल क्लार्कसारखी. रॉयल बॅले स्कूलमध्ये घडलेला, १९८४ मध्ये बाविशीत स्वतःची कंपनी काढली, पंक संगीत, भन्नाट कपडे, पण पाय मात्र स्वच्छ शास्त्रीय. किंवा कॅरोल आर्मिटेज. जिनिव्हात बालांशिनच्या रचना नाचली, मग कनिंगहॅमकडे गेली, आणि १९८१ मध्ये 'ड्रास्टिक क्लासिसिझम'मध्ये कर्कश इलेक्ट्रिक गिटारांच्या मध्ये ते सगळं नेऊन ठेवलं. मला दुसरा रस्ता मानवला. मतभेद असू शकतात.

काठावरची

खूप दिवस नुसतीच वाचते, आज खातं उघडलं. मी एकोणीस वर्षांची आहे, अकरा वर्षं बॅले. पुढच्या वर्षी ऑडिशन्स. पण मला रात्री झोपताना नाच दिसतात, माझे नाही, दुसऱ्या लोकांचे, न झालेले. घरी सांगितलं तर म्हणाले, आधी नाचून तर दाखव, मग नाचव. गिरकीताई, आधी कंपनीत जाऊ का सरळ कोरिओग्राफी शिकायला जाऊ? आणि मुलींना संधी मिळते का खरंच?

निव्वळ प्रेक्षक

काठावरची, स्वागत. "न झालेले नाच दिसतात" हे वाक्य चोरावंसं वाटलं.

गिरकी

काठावरची, घरच्यांचं म्हणणं चूक नाही, पण क्रम तसाच हवा असंही नाही. क्रिस्टल पाइट बॅले ब्रिटिश कोलंबियात नाचत असतानाच रचना करू लागली, १९९० मध्ये, म्हणजे जेमतेम विशीत. पुढे १९९६ मध्ये ती फ्रँकफुर्टला फोरसाइथकडे नाचायला गेली आणि २००२ मध्ये तिने किड पिव्हट ही स्वतःची कंपनी काढली. दोन्ही कामं बरोबरीने चालली. पस्तिशीपर्यंत वाट बघून, मग 'आता नाचता येत नाही तर रचना करू' म्हणणारे मी बरेच बघितले. त्यांना नाच थांबल्याचं दुःख आणि नवशिकेपण एकदमच झेलावं लागतं. पॅरिस ऑपेरात निवृत्तीचं वय बेचाळीस आहे, बाकी ठिकाणी शरीर त्याआधीच नोटीस देतं. (किलियानने १९९१ मध्ये चाळिशीपुढच्या नर्तकांसाठी नेदरलँड्स डान्स थिएटरचा तिसरा संच काढला होता. फार मोठी गोष्ट होती ती. २००६ मध्ये बंद पडला. असो.)

मुलींचं विचारलंस. गोड बोलणार नाही. बॅलेच्या वर्गात मुलीच मुली, आणि मोठ्या रंगमंचावर रचनाकार म्हणून पुरुषच पुरुष. पाइटची 'फ्लाइट पॅटर्न' २०१७ मध्ये रॉयल बॅलेने केली, तेव्हा त्या मुख्य रंगमंचासाठी त्या कंपनीवर एका स्त्रीने रचना करण्याची वेळ अठरा वर्षांनी आली होती. अठरा! म्हणजे जवळजवळ तुझ्या वयाएवढी. माझं निरीक्षण असं, की कंपनीत मुलांना जागा सहज मिळते, त्यांना 'चुणूक आहे' म्हणून लवकर संधी देतात. मुलींत स्पर्धा इतकी, की रोजची जागा टिकवण्यातच जीव जातो, संध्याकाळी रिकामा स्टुडिओ मागायला त्राण उरत नाही. आणि मागायचं धाडसही नाही. लहानपणापासून रांगेत नीट राहिल्याबद्दल शाबासकी मिळालेली असते ना.

म्हणून ऑडिशन दे की कोर्सला जा, हे मी सांगणार नाही. एक काम देते. दोन मैत्रिणी घे. दोन मिनिटांची रचना. आरसा नाही, संगीत नाही, तू स्वतः त्यात नाहीस, आणि एकही स्टेप तुझ्या अंगावर करून दाखवायची नाही. फक्त बोलून सांगायचं. पंधरा दिवसांनी इथे लिही.

हाडवैर

आणि खांदे, मनगटं!

समेवर

"तू स्वतः त्यात नाहीस" हे वाद्यवाल्यांनाही लागू करून बघायला हवं.

काठावरची

पंधराऐवजी वीस दिवस झाले, सॉरी.

दोन मिनिटांचं करायला बसले, चाळीस सेकंदांचं झालं. बोलून सांगणं भयंकर अवघड आहे. तिसऱ्याच मिनिटाला मी उठून करून दाखवायला लागले, मैत्रिणींनी ओरडून खाली बसवलं. मी एकीला म्हटलं, "दार उघडं राहिलंय असं तुला झोपेत कळतं तशी उठ." तिने जे केलं ते इतकं वेगळं होतं की मी ते काउंटमध्ये बसवायला गेले आणि मेलंच. परत सैल सोडलं तर दोघींची वेळ जुळेना. एकीचं उठणं आधी, दुसरीचं नंतर. शेवटी मी तशीच ठेवली, न जुळलेली. चाळिसाव्या सेकंदाला पुढे काय ते सुचेना म्हणून दोघी नुसत्या उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

त्यांच्या त्या बघण्याचं काय करू कळत नाहीये. ते रचनेत आहे का नाही?

गिरकी

किती वेळ बघत होत्या? मोजलंस का? दोघींपैकी आधी कुणी नजर काढली? उद्या त्यांना पुन्हा तिथपर्यंत आण, आणि या वेळी तू खोलीबाहेर जाऊन दाराच्या फटीतून बघ. मग लिही.